नवं हवं कुणाला?

मंडळी, आता आपण कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचं उदाहरण घेऊ. तिथला ‘हॉन्टेड मॅन्शन’ हा भुतांचा वाडा १९६९ साली सुरू झाला. २००१पासून मात्र हॅलोविन ते नाताळ या दिवसांत त्याची सगळी सजावट बदलतात. नेहमी येणारे खूश! ओळखीच्याच जागी त्यांना काहीतरी नवं मिळतं. पण लांबून, पैसे साठवून एकदाच आलेल्या कुटुंबाला मूळ वाडा दिसतच नाही. ते नाराज होणारच ना?

आता गंमत बघा. २०२३मध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ कायमचं बंद झालं, तेव्हा हळहळले ते नेहमीचेच लोक. म्हणजे बदल त्यांनाही हवा असतो, पण जुनं परत येणार असेल तरच. म्हणून मतं मोजण्याआधी आपण विचारूया: बोलणारा पुन्हा येणार आहे का, आणि गेलेलं परत येणार आहे का?