पाऊणशे वर्षांचा ‘अ’

पुण्याच्या डेक्कन कॉलेजला २०२१ मध्ये दोनशे वर्षं झाली. त्या निमित्तानं संपादकांना हवा होता तो नेहमीचा लेख: दगडी इमारत, आवारातली झाडं आणि टिळकांची खोली. टिळकांची खोली पाहुण्यांना अगत्यानं दाखवतात आणि ती पाहावीही. पण मला धरून ठेवलं ते संस्कृत कोशाच्या विभागानं. तिथल्या एका दालनाला स्क्रिप्टोरियम असं भारदस्त नाव आहे. आत धातूचे तीन हजारांहून अधिक खण आणि त्या खणांत सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. या चिठ्ठ्यांतून संस्कृतचा जगातला सर्वांत मोठा कोश घडतो आहे. काम १९४८ मध्ये सुरू झालं. पस्तीस खंड छापून झाले, त्यांची पानं भरली ६,०५६, आणि एवढ्यात कोश पोहोचला आहे ‘अ’पर्यंत. म्हणजे ‘अ’वरच आहे.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र विस्तारानं मिळतो. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणा फंडाच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघालं. त्याचंच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीमुळे येरवड्याकडची इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथं गेलं. कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी इथं संस्कृत शिकवलं. टिळक-आगरकर इथलेच विद्यार्थी. १९३४ मध्ये सरकारनं कॉलेज बंद केलं, तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले. अखेर १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुरातत्त्वात ह. धी. सांकलिया, समाजशास्त्र-मानवशास्त्रात इरावती कर्वे, भाषाशास्त्रात सुमित्र मंगेश कत्रे अशी माणसं तिथं एकाच छपराखाली होती. १९९० मध्ये संस्था अभिमत विद्यापीठ झाली.

कोशाची कल्पना कत्र्यांची. कोंकणीच्या घडणीवर पुस्तक लिहिणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञाला शब्दाचा अर्थ सांगणारा कोश नको होता, शब्दाचं चरित्र सांगणारा हवा होता. ‘ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित’ हे कोशाच्या नावातलं लांबलचक विशेषण त्यासाठीच आहे. एखादा शब्द पहिल्यांदा कुठं भेटतो, मग कोणत्या शतकात त्याचा अर्थ वळतो, कोणत्या शास्त्रात गेल्यावर त्याला पारिभाषिक रूप येतं, हे सगळं उताऱ्यांच्या पुराव्यानिशी, काळाच्या क्रमानं मांडायचं. ‘असुर’ घ्या. ऋग्वेदात हे वरुणासारख्या देवाचं विशेषण आहे. पुढे तो दैत्य होतो. त्याहून पुढे लोक त्याची फोड ‘अ’ अधिक ‘सुर’ अशी करतात आणि देव या अर्थाचा ‘सुर’ हा नवाच शब्द जन्माला येतो. कोशात नुसतं ‘राक्षस’ लिहिलं तर ही सगळी गंमत बुडाली.

यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकातल्या ‘हास्यार्णवा’पर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले. वेद, व्याकरण, न्याय, आयुर्वेद, धर्मशास्त्र, गणित, वास्तुशास्त्र, काव्य अशा एकूण ६२ ज्ञानशाखा. मग पंचवीसेक वर्षं विद्वानांनी हे ग्रंथ वाचून चिठ्ठ्या काढल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचं संक्षिप्त नाव, अध्याय-श्लोकाचा पत्ता. अ. मा. घाटगे १९७३ मध्ये प्रमुख संपादक झाले आणि १९७६ पासून पहिला खंड बाहेर येऊ लागला. अठ्ठावीस वर्षं नुसती सामानाची जुळवाजुळव! आजच्या एखाद्या निधी समितीपुढे असा आराखडा ठेवला, तर अर्ज दुसऱ्या टेबलापर्यंतही जाणार नाही.

चिठ्ठी खणातून बाहेर आल्यावर काय होतं, हे समजून घेण्यात मी सर्वांत जास्त रमलो. संपादन करणारा माणूस एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या काढतो. काही शब्दांना दोन, काहींना शेकडो. मग त्या काळाप्रमाणे लावायच्या. इथंच पहिली ठेच लागते, कारण संस्कृत ग्रंथांचे काळ वादग्रस्त असतात. त्यानंतर प्रत्येक चिठ्ठीवरचं वाक्य मूळ ग्रंथात उघडून पाहायचं, कारण दोन ओळींच्या उताऱ्यावरून अर्थ लागेलच असं नाही. टीकाकार काय म्हणतो ते पाहायचं आणि तो म्हणतो ते खरं मानायचं की नाही हेही ठरवायचं. मग चिठ्ठ्यांचे गट पडतात: हा अर्थ, हा उपअर्थ, हा फक्त मीमांसेतला, हा वैद्यकातला. एखादी चिठ्ठी कोणत्याच गटात बसत नाही. तिच्यावर दिवस जाऊ शकतो. छापील खंडात त्या दिवसाची अर्धी ओळ होते, आणि वाचणाऱ्याला तिथं काही अडलं होतं याचा पत्ताही लागत नाही.

पाऊणशे वर्षांत ‘अ’सुद्धा पुरता संपत नाही, याची थट्टा करणं सोपं आहे. पण हे अक्षर खरोखरच अचाट आहे. नकाराचा ‘अ’ आणि ‘अन्’ जवळजवळ कुठल्याही शब्दाला लागतो. शिवाय अति, अधि, अनु, अप, अपि, अभि, अव हे उपसर्ग इथंच ठाण मांडून बसलेत. तरीही हिशेब टाळता येत नाही. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या कोशाची पानं १,३३३, त्यांत ‘अ’ साधारण पहिल्या सव्वाशे पानांत आटोपतो. म्हणजे ढोबळ मानानं हा दहावा हिस्सा. उरलेल्या नऊ हिश्श्यांचं गणित ज्यानं त्यानं मनातच करावं.

संगणकानं हे काम होणार नाही का, हा प्रश्न तिथं येणारा प्रत्येक जण विचारत असणार. मदत होते, नक्कीच. चिठ्ठ्या स्कॅन झाल्या आहेत आणि अनेक ग्रंथ टंकित रूपात मिळतात. पण ‘रामोऽगच्छत्’ हे रूप पाहा. यातल्या ‘अगच्छत्’चा ‘अ’ संधीनं गिळला आणि मागे एक अवग्रह ठेवला. ‘अगच्छत्’ असा साधा शोध घेणाऱ्या यंत्राला तो सापडत नाही. समासांत तर शब्द एकमेकांत असे मिसळतात की फोड कुठं करायची यावरच पंडितांची भांडणं होतात. या बाबतीत यंत्रं सुधारत आहेत, पुढेही सुधारतील. पण सापडलेल्या चारशे उताऱ्यांपैकी ‘तत्त्वचिंतामणी’तला शब्द नव्यन्यायाच्या परिभाषेतला आहे की साधा, हे कळायला नव्यन्याय शिकलेलाच माणूस लागतो.

माझी काळजी इथून सुरू होते. खणांना मी या कारखान्याचं यंत्र समजत होतो, पण खरं यंत्र म्हणजे चिठ्ठी वाचू शकणारा माणूस. तो बाजारात तयार मिळत नाही. त्याला पाणिनी हवा, किमान एखादं शास्त्र गुरूपाशी बसून वाचलेलं हवं, वैदिक भाषेची ओळख हवी, आणि कोशात नोंद इंग्रजीत करायची असल्यामुळे नेटकं इंग्रजीही हवं. संस्कृत आणि कोशशास्त्र यांचं पदव्युत्तर शिक्षण डेक्कन कॉलेजात मिळतं, ही फार मोठी गोष्ट. तरी दोन वर्षांत, चार सत्रांत आणि श्रेयांकांच्या चौकटीत कोशाची ओळख होते, हात बसत नाही. हात बसतो तो जाणत्याच्या शेजारी बसून, त्यानं आपली नोंद खोडलेली पाहून. हे शिकवणं कुठल्याच वेळापत्रकात दाखवता येत नाही. संशोधनाचे गुण मोजायच्या तक्त्यातही त्याला नीट रकाना नाही. शोधनिबंधावर एका माणसाचं नाव असतं, कोशाच्या पानावर पाच जणांचे हात फिरलेले असतात.

म्युनिकमध्ये लॅटिनचा असाच कोश चालू आहे. १८९४ पासून, तिथल्याही चिठ्ठ्या कोटीच्या घरात. ‘एन’ अक्षरात अवघड आणि लांबलचक शब्द फार, म्हणून त्यांनी ते चक्क मागे ठेवलं आणि पुढच्या अक्षरांना हात घातला. मला त्यांची दुसरी रीत जास्त शहाणपणाची वाटली. देशोदेशींचे तरुण अभ्यासक शिष्यवृत्तीवर तिथं येतात, नोंदी लिहितात, खोडून घेतात आणि आपापल्या विद्यापीठांत परत जातात. कोश हळू चालतो, पण दरम्यान लॅटिन वाचू शकणाऱ्यांची पिढी तयार होत राहते.

पुण्यात असं करायला अडचणी आहेत आणि त्या सगळ्या संस्थेच्या हातात नाहीत. संस्कृतात एम. ए. झालेल्या मुलीपुढे सेट-नेट, बी. एड., शाळेतली नोकरी किंवा कॉलेजात तासिका तत्त्वावरची शिकवणी एवढे रस्ते असतात. यांतल्या एकाही ठिकाणी निवड करताना तिला चिठ्ठी वाचता येते का, हे कोणी विचारणार नाही. कोशाला मात्र तिची निदान दहा वर्षं हवीत, आणि ती दहा वर्षं ठरावीक मुदतीच्या करारांवर काढता येत नाहीत. घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं. जाणती माणसं वयोमानानुसार निवृत्त होतात, ती कोणासाठी थांबत नाहीत. त्यांच्या शेजारची खुर्ची आज भरली तर उपयोग आहे. पाच वर्षांनी पद मंजूर झालं, तर नव्या माणसाची नोंद खोडायला तिथं कोणी नसेल.