पारगावच्या नावात काय काय दडलंय

आज आपण आपल्या गावाच्या इतिहासाबद्दल बोलू. इतिहास म्हटलं की आपल्या भागात सगळ्यांचं बोट शिवनेरीकडे जातं. १६३० साली शिवराय तिथं जन्मले, तेव्हा ते साहजिकच आहे. पण ज्या गावात किल्ला नाही, लेणं नाही, कुणी राजा जन्मला नाही, त्या गावाला इतिहास असतो का? पारगावसारख्या गावाला?

सुरुवात नावापासून करू. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पारगाव एकच नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. नवी सून माहेरी फोन करून गावाचा पत्ता सांगते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं पारगाव?’ एक पारगाव तर्फे आळे. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी जिथं आहे, ते हे आळे. दुसरं आंबेगाव तालुक्यातलं पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक, भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचं. तिसरं पारगाव तर्फे खेड. आता सातबाऱ्यावर हा ‘तर्फे’ शब्द आपण रोज वाचतो आणि पुढे जातो. ‘अमक्यातर्फे सत्कार’ म्हणतो तसाच काहीतरी असेल असं वाटतं.

तसं नाही. जुन्या राज्यकारभारात काही गावं मिळून एक तर्फ व्हायची आणि काही तर्फा मिळून परगणा. तर्फेवर हवालदार असायचा, तिच्या गावांचा वसूल तो बघायचा. म्हणजे ‘तर्फे आळे’ याचा अर्थ, या पारगावचा हिशेब आळ्याच्या तर्फेत धरला जायचा. अवसरीला लागलेला ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. ही फारसी आली सुलतानांच्या दफ्तरातून. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली तेव्हा तिची पहिली राजधानी आपलं जुन्नरच होतं. पुढे निजामशाही बुडाली, मराठे आले, पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले. तर्फ कधीच मोडली, परगणाही मोडला. पण तलाठी आजही उताऱ्यावर ‘तर्फे’ लिहून देतो.

आणि ‘पार’? मराठीत पार म्हणजे नदीचा पलीकडचा काठ, आणि पार म्हणजे वडा-पिंपळाभोवतीचा ओटाही. तुमच्या पारगावात यातलं कोणतं सांगतात ते घरातल्या सर्वांत थकलेल्या बाईला आजच विचारा. उद्यावर टाकू नका.

नावानंतर दगड. बहुतेक गावांत मारुतीच्या देवळाशेजारी नाहीतर वेशीपाशी दोन-चार कोरीव दगड पडलेले असतात. कुणी शेंदूर फासलेला, कुणी अर्धा मातीत गेलेला, एखाद्यावर कपडे धुतले जातात. हे वीरगळ. वाचायला सोपे आहेत, खालून वर वाचायचे. सर्वांत खाली लढाई, कधी पळवलेली गुरं. म्हणजे गावची गुरं सोडवताना तो माणूस मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. वरती तो शंकराच्या पिंडीसमोर बसलाय, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ. नाव मात्र सहसा कोरलेलं नसतं! दुसऱ्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला बाईचा हात दिसला, तर ती सतीशिळा. तिथं नमस्कार करताना माझे हात थोडे अडखळतात, खरं सांगते. पण दगड जपायलाच हवा. आपल्या जातीच्या बायकांवर काय गुजरलं त्याचा तो पुरावा आहे. एकच विनंती, देवळाचा जीर्णोद्धार निघाला की या दगडांना ऑइल पेंट लावू देऊ नका आणि पायाच्या भरावात टाकू देऊ नका. हे सांगायचा मान ठेकेदार आपल्याला देणार नाही, तो घ्यावा लागेल.

आपल्या भागात बाईचं नाव दगडावर नाहीच असंही नाही. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, सातवाहनांची राणी नागणिका हिचा. त्यात यज्ञ आहेत, दान दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडे आहेत, आणि महिना महिना उपास करणारी बाईसुद्धा आहे. उपासाच्या बाबतीत आपण किती जुन्या आहोत बघा. बचत गटाच्या मैत्रिणींना तर जुन्नरच्या लेण्यांतले लेख वाचून दाखवायला हवेत. बुरुडांच्या आणि कासारांच्या संघाकडे ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवायचं, अशी नोंद तिथं आहे. करंज आणि वडाची झाडं लावायला जमीन दिल्याचीही आहे. कारागिरांचा संघ लोकांच्या ठेवी सांभाळत होता, म्हणजे त्याच्यावर गावाचा विश्वास होता.

आता कागदाकडे येते. जरा लांबचं उदाहरण देते. जर्मनीत बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या लहान लहान खेड्यांत एक चर्च आणि चर्चमध्ये एक वही असते. कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण वारलं, हे तिथला पाद्री त्या वहीत लिहीत आला. १५६३ साली ट्रेंट इथल्या धर्मसभेने लग्नाची नोंद ठेवणं पाद्र्यांना बंधनकारक केलं. त्यामुळे तिथला साधा शेतकरी तीनशे वर्षांपूर्वीच्या पणज्यांपर्यंत पोचू शकतो, आणि लग्नाच्या नोंदीत नवरीचं नाव, तिचा बाप, तिचं माहेरचं गाव सापडतं. किल्ला नसलेल्या खेड्याचा इतिहास तिथं असा वहीतून लिहिला जातो.

आपल्याकडे अशी वही नाही असं समजू नका. गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’, ही तीच वही. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा घरोघर या वहीचं नाव पोचलं; त्याआधी ती तहसीलच्या कपाटात धूळ खात होती. शाळेचं जनरल रजिस्टर ही दुसरी वही. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या चोपड्या ही तिसरी; त्र्यंबकेश्वरी गाव आणि आडनाव सांगितलं की ते वंशावळ काढून दाखवतात. पण या वह्या वाचताना एक गोष्ट टोचते. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, असं बापाच्या नावानं सगळं चालतं. आई बऱ्याच नोंदींत नसतेच. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव लिहायचा नियम महाराष्ट्रात आला, म्हणजे पुढची वही बरी निघेल. मागची भरून काढायचं काम आपल्यावर आहे, आणि ते फक्त तोंडी आठवणीतून होईल.

घाई का, तेही सांगते. ज्या आंबेगावाच्या नावानं तालुका आहे ते आंबेगाव आज कुठं आहे? डिंभे धरणाच्या पाण्याखाली. कचेऱ्या घोडेगावात, आणि मूळ गाव हुतात्मा बाबू गेनू सागराच्या तळाशी. ज्यांच्या नावाचा हा जलाशय, ते बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे त्यांनी जीव दिला. त्यांचं नाव पाण्याला मिळालं, पण पाण्याखाली गेलेल्या गावातल्या शेतांची, पाणवठ्यांची, आळ्यांची नावं सांगणारी माणसं कमी होत चाललीत. माळीण तर एका सकाळी गेलं, ३० जुलै २०१४ ला. दीडशेवर माणसं डोंगराखाली गेली. नवं माळीण उभं राहिलं, घरं पक्की आहेत. जुन्या माळीणमध्ये कोणाचं दार कोणाच्या दारासमोर होतं, हे मात्र जिवंत राहिलेल्यांनाच ठाऊक.

पारगाव बुडालेलं नाही. पण विहिरीवर मोटर आली तशी विहिरीची नावं गेली. गटनंबर आले आणि शेतांची नावं गेली. पूर्वी प्रत्येक तुकड्याला नाव असायचं, झाडावरून, दगडावरून, एखाद्या बाईवरूनसुद्धा. भाकरी घेऊन तिथं जायची ती बाईच, म्हणून ही नावं पुरुषांपेक्षा तिला जास्त पाठ.

आपली आठवण म्हणजे काय मोठा ऐवज, असं कुणाला वाटत असेल तर जात्यावरच्या ओव्यांचं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि तिचं गाव लिहून ठेवलं. ज्या बायकांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांचं नाव तिथं आहे.

तर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटाच्या रजिस्टरशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा. प्रत्येकीनं सासूचं नाव, आजेसासूचं नाव आणि त्यांचं माहेर लिहायचं. माहेरचं नाव लग्नात बदललं असेल तर तेही. मग शेतांची, विहिरींची नावं. प्रसूती करणाऱ्या सुईणीचं नाव विसरू नका. अर्ध्या गावाला तिनं जग दाखवलंय आणि तिचं नाव कोणत्याही कागदावर नाही. म्हातारी बोलत असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, तिला विचारून.

कोतवाल बुकाची नक्कल हवी असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात साधा अर्ज द्यावा लागतो. अर्जात गावाचं पूर्ण नाव घाला, म्हणजे नुसतं ‘पारगाव’ नाही, ‘तर्फे’सकट, नाहीतर भलत्याच पारगावची पानं हातात येतील. अंदाजे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत हवं तेही लिहा. जुनी पानं मोडीत निघाली तर घाबरू नका, मोडी वाचणारे जाणकार पुण्यात आहेत. वाचून घेताना एकीनं शेजारी बसून साध्या अक्षरात उतरवून घ्यायचं.