समुद्रफुलाला घर मानवावं म्हणून

सांताक्रूझ पश्चिमेला राहणाऱ्याने समुद्रफुलाची पहिली भेट दुकानात घेऊ नये. मोठ्या ओहोटीला जुहूला जावं, खडक उघडे पडतात तिथे. पाण्याबाहेर राहिलेलं समुद्रफूल मिटून जेलीच्या गोळ्यासारखं दिसतं आणि खळग्यातल्या वीतभर पाण्यात तेच फुलून आपली बोटं हलवत बसलेलं असतं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून लोकांना शहराच्या किनाऱ्यांवर हे दाखवत हिंडतात.

नवख्याची फसगत होते ती झोअँथिडांपाशी. खडकावर सतरंजीसारखे पसरलेले हे बारके जीव बुडाशी एकमेकांना जोडलेले असतात. समुद्रफूल मात्र एकटं. पायाच्या चकतीने खडक धरून बसतं आणि जागा पटली नाही तर सरकतं. हा फरक घरातही मोलाचा आहे, कारण काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचा दगड चुकूनही उकळू नये.

आता टाकी. घरी सर्वांत सोसणारी जात म्हणजे बबल टिप. त्याच्या बोटांची टोकं बऱ्याचदा फुग्यासारखी फुगतात. कार्पेट रुंद, आखूड बोटांचं आणि चिकट; टाकीतला मासा गिळायला कमी करत नाही. दगडाबरोबर आगंतुक येते ती काचेसारखी तपकिरी एप्टेशिया. तिला खरवडू नका. उरलेल्या तुकड्यांतून नवी उगवतात. पेपरमिंट कोळंबी ती बऱ्याचदा खाते.

माझं पहिलं समुद्रफूल लिंबासारखं पिवळंधमक होतं. मी भुललो. ते रंगवलेलं निघालं. समुद्रफुलाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं. ते गेलं की अंग पांढरं पडतं आणि त्यावर रंग छान चढतो. माझं महिनाभरही टिकलं नाही. घेताना तोंड पाहावं: घट्ट मिटलेलं हवं, आ वासलेलं नको. पाय फाटलेला तर मुळीच नको.

टाकी किमान सहा महिने मुरलेली हवी; वर्षाची असेल तर उत्तम. क्षारता हजारी ३५, तापमान २५ ते २७ अंश, आणि दोन्ही स्थिर. आपल्याकडे मे महिन्यात चिलरशिवाय हे जमवणं कठीण. जुहूचं पाणी फुकटचं म्हणून आणू नका. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवलेलं बरं. दिवा जोरकस हवा. आठवड्यातून एकदोनदा कोळंबीचा बारीक तुकडा पुरे. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावायलाच हवा, कारण सरकायला निघालेलं समुद्रफूल पंपात ओढलं गेलं की एका रात्रीत अख्ख्या टाकीचं पाणी नासतं.

जोकरमाशासाठी म्हणून समुद्रफूल घेणाऱ्यांना (२००३च्या ‘फाइंडिंग नीमो’ची कृपा!) सांगतो, घरच्या टाकीत त्या माशाचं समुद्रफुलावाचून काही अडत नाही.

घाई करणाऱ्यांना मी ‘ग्रॅनी’ची गोष्ट सांगतो. निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलयेल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी नेलं आणि साध्या बरणीत ठेवलं. ना पंप, ना दिवा. तिची जात थंड पाण्यातली, शैवालावर न जगणारी, पाणी मात्र नेमाने बदललं जाई. डॅलयेल १८५१ मध्ये वारले. बरणी एका हातून दुसऱ्या हाती गेली आणि ग्रॅनी जगली १८८७ पर्यंत.