घरधूळ माइट अर्क

घरातील धुळीत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म अष्टपाद प्राण्यांपासून तयार केलेला व अधिहर्षतेच्या (ॲलर्जीच्या) निदानासाठी आणि उपचारासाठी वापरण्यात येणारा अर्क. त्यासाठी मुख्यतः डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस व डर्मॅटोफॅगॉइडिस फॅरिनी या दोन जाती वापरतात. उष्ण कटिबंधात ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही जातीही महत्त्वाची आहे. माइटची लांबी सु. ०·३ मिमी. असते. माणसाच्या त्वचेचे गळालेले खवले हे त्यांचे प्रमुख अन्न असून गाद्या व उशा ही त्यांची आवडती वसतिस्थाने होत. त्यांना लागणारे पाणी ते हवेतूनच शोषून घेतात, त्यामुळे कोरड्या हवेत ते तगत नाहीत.

घरातील धुळीचा अर्क १९२० नंतरच्या काळात वैद्यकात रूढ झाला. परंतु कापूस, पिसे, मांजराचा कोंडा, बुरशी इ. सर्वच त्यात येत असल्याने नेमका दोषी घटक कोणता, हे कळत नव्हते. नेदर्लंड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्समा व त्यांचे सहकारी यांनी १९६४–६७ या काळात माइट हेच मुख्य कारण असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर प्रयोगशाळेत माइटचे संवर्धन करून अर्क काढण्यास सुरुवात झाली.

अर्काचे गुणधर्म कच्च्या मालावर अवलंबून असतात. पहिल्या गटाची प्रथिने म्हणजे माइटची पाचक एंझाइमे असून ती विष्ठेच्या कणांत विपुल असतात. दुसऱ्या गटाची प्रथिने शरीरापासून काढलेल्या अर्कात अधिक मिळतात. शिवाय ही एंझाइमे अर्कातील इतर प्रथिनांचे विघटन करतात. म्हणून अर्कात ग्लिसरीन मिसळतात व तो २° ते ८° से. तापमानास ठेवतात. केवळ वजन व घनफळ यांच्या गुणोत्तरावरून ठरविलेली तीव्रता फसवी असते : एकाच गुणोत्तराच्या दोन अर्कांची क्रियाशीलता पुष्कळच भिन्न असू शकते. प्रमाणित अर्कांची क्रियाशीलता एककांत देतात. परंतु अमेरिकेतील व यूरोपातील उत्पादकांची एकके सारखी नसल्याने एका उत्पादकाचा अर्क सोडून दुसऱ्याचा त्याच मात्रेत देणे धोक्याचे असते.

निदानासाठी अग्रबाहूवर अर्काचा थेंब ठेवून त्यातून त्वचेला हलकेच टोचतात. पंधरा ते वीस मिनिटांनी उठलेली गांध निष्क्रिय द्रवाच्या जागेपेक्षा ३ मिमी. किंवा अधिक मोठी असल्यास परीक्षा होकारात्मक मानतात. तुलनेसाठी हिस्टामीनही टोचतात. हिस्टामीनविरोधी औषधे काही दिवस आधी बंद केली नसल्यास परीक्षा निरर्थक ठरते. होकारात्मक परीक्षा म्हणजे रोग नव्हे. ती केवळ शरीरात आयजीई प्रतिपिंडे असल्याचे दर्शविते. लक्षणांचा इतिहास तिच्याशी जुळत नसेल, तर उपचारास आधार राहत नाही.

उपचारात अर्काची अत्यल्प मात्रा त्वचेखाली टोचून ती क्रमाक्रमाने वाढवितात व नंतर निर्वाह मात्रा तीन ते पाच वर्षे देतात. लेनर्ड नून यांनी लंडन येथे १९११ मध्ये गवताच्या परागांसाठी वापरलेल्या पद्धतीचेच हे विस्तारित रूप होय. क्वचित तीव्र सार्वदेहिक प्रतिक्रिया उद्‌भवून प्राणावर बेतते. त्यामुळे प्रत्येक अंतःक्षेपणानंतर रुग्णाला अर्धा तास थांबवून ठेवणे व ॲड्रेनॅलीन हाताशी असणे अत्यावश्यक आहे; दमा आटोक्यात नसलेल्यांना हा उपचार देत नाहीत. जिभेखाली ठेवावयाच्या माइट अर्काच्या गोळ्यांना यूरोपातील अनेक देशांत २०१५ मध्ये व अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्या रुग्ण घरी घेऊ शकतो; पहिली गोळी मात्र वैद्याच्या देखरेखीखाली द्यावी लागते.