ठासणीच्या बंदुकीने खरंच नेम लागायचा का? उत्तर बदनापूरजवळच्या लढाईत आहे

कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी आदळते, तिचे दोन तुकडे होतात आणि पात्याच्या दोन्ही बाजूंची निशाणं एकदम फुटतात. अमेरिकेत ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्या हौशी नेमबाजांचा हा आवडता खेळ. असे व्हिडिओ बघून वाटतं, जुने सैनिकही असेच अचूक असणार.

तसं नव्हतं. पुरावा आपल्या जालना जिल्ह्यात आहे.

२१ सप्टेंबर १८०३. आर्थर वेलस्ली (हाच पुढे वॉटर्लूत नेपोलियनला भारी पडला) आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापुरात भेटले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज भोकरदनच्या बाजूला होती. दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला तिला गाठायचं, असं ठरलं. पण २३ लाच ही फौज जवळ असल्याचं कळलं आणि वेलस्ली स्टीव्हन्सनसाठी थांबला नाही. तीच असईची लढाई.

इंग्रजांच्या पायदळाकडे 'ब्राउन बेस' ही चकमकीची बंदूक होती. नळी आतून गुळगुळीत, रुंदी सुमारे १९ मिलिमीटर. गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली. काळ्या दारूची काजळी नळीत साचत जाते, घट्ट गोळी चार-पाच बारांनंतर आत उतरणारच नाही. ढिली गोळी गजाने ठासून तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा.

किंमत नेमाने मोजली. ढिली गोळी नळीत इकडेतिकडे आपटत सुटायची आणि शेवटी जिथे आपटली त्यावर तिची फिरकी ठरायची. टप्पा कुठे वळेल हे बॉलरलाच माहीत नाही, असं काहीतरी. त्यात मागची माशी नाहीच. चाप ओढला की रंजक तोंडासमोर भडकणार, मग क्षणभराने बार उडणार. शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला टिपणं म्हणजे नशीब.

म्हणून शिपाई रांगेत उभे करून सगळ्यांनी एकदम गोळ्या झाडायच्या. असईत ७८व्या हायलँडर पलटणीने समोरची रांग सुमारे ५० यार्डांवर येईपर्यंत बार राखून ठेवला आणि मग थेट संगिनी घेऊन धावली. तोवर मराठ्यांच्या तोफा समोरून आग ओकत होत्या, त्यात उभं राहायला काय लागत असेल! त्या दिवशी इंग्रजांकडचे ४२८ जण मेले, अकराशेच्या वर जखमी झाले. त्यात मोठा वाटा तोफांचाच.

मग कुऱ्हाडीचा खेळ जमतो कसा? त्या बंदुकांच्या नळीत आटे असतात. गोळीला चिंधी गुंडाळून ती घट्ट बसवतात, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते. आट्यांची रायफल १८०३ मध्येही होती, पण भरायला वेळखाऊ. सैल भरता येणारी आणि बार उडताच फुगून आट्यांत बसणारी मिनिए गोळी १८४९ मध्ये आली. त्याच जातीची एनफिल्ड रायफल पुढे भारतात आली. तिच्या नळीत गोळी सहज उतरावी म्हणून काडतुसाला जी चरबी लावत, तिच्यावरून १८५७ साली भडका उडाला.