पासवर्ड मागतंय कोण?

विठ्ठलवाडीत कुठे रस्ता खणायला घेतला की कुणाचं तरी केबलचं नेट गेलंच म्हणून समजा. मग ड्रॉवरमधले जुने डोंगल बाहेर निघतात. शेजारच्या काकांनी त्यांचा डोंगल उबुंटूच्या डेस्कटॉपला लावला की पासवर्डची चौकट यायची. "अरे, सेव्ह केलाय मी! तरी रोज काय विचारतो हा?"

सेव्ह केलेला होता, हे खरं.

नवे डोंगल बहुतेक स्वतःच राउटर असतात, त्यांना ही भानगड नाही. काकांचा डोंगल जुन्या मोडेमच्या जातीचा. आधी सिमचा पिन तपासला, कारण तिथे चुकीला माफी नाही: तीनदा चुकला की सिम लॉक, मग आठ आकडी पीयूके शोधत बसा. उबुंटूतल्या मोडेममॅनेजरला विचारलं तर किती संधी उरल्यात तेही तो सांगतो. पिन लावलेलाच नव्हता.

मग लॉग उघडला. नेट जोडून देणारा नेटवर्कमॅनेजर 'नीड-ऑथ'पर्यंत जाऊन थांबत होता आणि कारण देत होता 'नो-सीक्रेट्स'. म्हणजे डायल होण्याआधीच गाडी अडत होती. मोबाइल कंपनीने काही विचारलेलंच नव्हतं, विचारत होता तो घरचा कॉम्प्युटर.

प्रत्येक कनेक्शनची एक फाइल असते, ती उघडायला रूटचा अधिकार लागतो. तीत पासवर्डसाठी एक फ्लॅग असतो. 0 असेल तर पासवर्ड तिथेच लिहिलेला, 2 असेल तर दर वेळी विचारायचा, 1 असेल तर वापरणाऱ्याच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डच्या कुलूपबंद पेटीत, ठेवलेला. काकांचा 1. कीरिंग लॉगिनच्या पासवर्डने उघडते, आणि काकांनी ऑटो-लॉगिन चालू केलेलं. पासवर्ड कुणी टाकतच नाही, तर कीरिंग उघडणार कशी? चौकट नीट वाचली तर ती कीरिंगचाच पासवर्ड मागत होती. काका मात्र डायरीत बघून डोंगलचा पासवर्ड इमानेइतबारे टाइप करत होते.

फ्लॅग 0 करून पासवर्ड त्या फाइलीतच लिहिला असता तरी काम झालं असतं. पण त्याच फाइलीत युजरनेमही दिसलं, कधीतरी दुकानातल्या मुलाने भरून दिलेलं. आपल्याकडे साध्या प्रीपेड सिमला बहुधा एपीएन पुरतो, युजरनेम-पासवर्ड लागत नाही. पण युजरनेम दिसलं की नेटवर्कमॅनेजर त्याच्या जोडीचा पासवर्ड शोधायला निघतो. दोन्ही रकाने कोरे केले, एपीएन तेवढा ठेवला. डोंगल काढून पुन्हा लावला. चौकट आली नाही, नेट लागलं.

"म्हणजे इतकी वर्षं जपून ठेवलेला पासवर्ड कशाचाच नव्हता?" काकांना हे काही पटलं नाही. डायरीतलं ते पान त्यांनी फाडू दिलं नाही. ऑटो-लॉगिनही बंद करू दिलं नाही, त्यामुळे क्रोम उघडताना कीरिंग अजून तोंड वर काढतेच. तिथे ते 'रद्द' दाबतात आणि बातम्या वाचायला लागतात.