अमृत आणि अमृता : वैद्यकीय बाडांतील एक धोक्याचें पद

जुन्या दप्तरांत हिशेबाच्या व राजकारणाच्या कागदांबरोबर औषधांचीं बाडेंही पुष्कळ सांपडतात. तीं छापण्याचा, आणि कधीं कधीं त्यांतील प्रयोग घरीं करून पाहण्याचा, मोह संग्राहकांस होतो. अशा बाडांतील एका पदाविषयीं वाचकांस सावध करावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

संस्कृतांत ‘अमृता’ हा स्त्रीलिंगी शब्द बहुधा गुळवेलीचा वाचक असतो. हिरडा व आंवळा यांसही तो लावतात. ‘अमृत’ हें नपुंसकलिंगी नाम मात्र रसग्रंथांत वत्सनाभास, म्हणजे बचनागास, दिलेलें आढळतें. पहिली ज्वरावरची परिचित वेल. दुसरा हिमालयांत उगवणारा कंद, सुश्रुतानें कल्पस्थानांत गणिलेल्या १३ कंदविषांपैकीं एक. पदें सुटीं असतां लिंगावरून निवाडा होतो. समासांत तो होत नाहीं. ‘अमृतादि’ हें पद अमृत + आदि असें फुटतें, तसेंच अमृता + आदि असेंही फुटतें. ‘अमृताभया’ याचीही तीच गति.

अशा स्थळीं प्रकरण पाहावें. सुंठ, नागरमोथा, कडुनिंब यांच्या सोबतीनें काढा सांगितला असेल, तर बहुधा गुळवेल समजावी. हिंगूळ, टांकणखार, मिरीं, पिंपळी यांचा खल करून गुंजेच्या मानानें गोळी सांगितली असेल, तर वत्सनाभ. आनंदभैरव रस याच जातीचा. त्या पदास ‘शुद्ध’ हें विशेषण जोडलेलें असल्यास वत्सनाभाचा पक्ष बळावतो, कारण शोधनाचा विधि विषास सांगितलेला आहे.

कंदाचे तुकडे गोमूत्रांत भिजवून तीन दिवस उन्हांत ठेवणें व गोमूत्र रोज बदलणें, किंवा दोलायंत्रानें गाईच्या दुधांत शिजविणें, हे शोधनाचे प्रसिद्ध विधि होत. बचनागांतील अकोनिटीनवर्गीय विषें पाण्यांत उकळल्यानें विघटित होऊन बरींच सौम्य होतात, हें रसायनशास्त्रानेंही दाखविलें आहे. तथापि सौम्य झालेलें विष निर्विष होत नाहीं. शुद्ध अकोनिटीन सुमारें २ मिलिग्रॅम इतकेंही प्राणघातक ठरूं शकतें. ओठ व जीभ बधिर होणें, वांत्या, हृदयाची गति बिघडणें हीं त्याचीं लक्षणें असून त्यावर खास उतारा उपलब्ध नाहीं. म्हणूनच औषधविषयक नियमांच्या ई (१) परिशिष्टांत वत्सनाभाचा समावेश आहे.

गुळवेलही अगदींच निर्धास्तपणें घेण्याजोगी मानूं नये. गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें; आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. वाद राहिला, तरी सावधगिरीस कारण आहे.

सारांश, संपादकानें मूळ पाठ जसाच्या तसा छापावा, ‘अमृत’ याचें ‘अमृता’ असें शुद्धीकरण करूं नये, आणि संशय असेल तेथें दोन्ही अर्थ तळटीपेंत द्यावे. इतर पदांत एका कान्याची चूक अर्थास बाधते. येथें ती प्राणावर बेतते. आणि पाठ कितीही शुद्ध असला, तरी बाडावरून औषध घेण्यापूर्वीं वैद्यास विचारणें अवश्य आहे.